पडद्यावर कॉर्ड्स दिसतात, पण ट्यूब जात नाही: इंट्यूबेशनचं उपकरण कसं निवडायचं, कसं वापरायचं

एक प्रसंग मी थिएटरमध्ये वारंवार बघते. इंट्यूबेशन, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालणं, चालू असतं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात बघायच्या कॅमेरावाल्या उपकरणाच्या, पडद्यावर दोन्ही कॉर्ड्स (स्वरतंतू) लख्ख दिसतात. रेसिडेंट "दिसलं" म्हणतो. त्यानंतर ट्यूबचं टोक कधी उजवीकडे, कधी मागे, कधी कॉर्ड्सच्या पुढच्या कोपऱ्यावर आपटत राहतं. पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरू लागतो. मास्क लावून सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वर आणलं जातं आणि त्याच ब्लेडने, त्याच ट्यूबने, त्याच बाकाच्या स्टायलेटने (ट्यूबला आकार देणाऱ्या आतल्या तारेने) दुसरा प्रयत्न सुरू होतो.

चूक हाताची असते त्यापेक्षा जास्त क्रमाची असते. उपकरण कोणतं घ्यायचं हे ठरतं ते कपाटात काय आहे यावरून, आणि ते वापरलं जातं ते जुन्या उपकरणाच्या सवयीने. मॅकिंटॉश या नेहमीच्या ब्लेडवर बसलेला हात जास्त वाकड्या ब्लेडवर तसाच चालवला तर दिसणार सगळं आणि ट्यूब मात्र बाहेरच राहणार.

हा लेख भूलशास्त्राच्या रेसिडेंटसाठी, नव्याने स्वतंत्र काम सुरू केलेल्या भूलतज्ज्ञांसाठी आणि ट्रॉली मांडणाऱ्या टेक्निशियनसाठी आहे. यात ठरलेल्या ऑपरेशनसाठी पूर्ण भूल दिलेला प्रौढ रुग्ण गृहीत धरला आहे. लहान मुलांचा श्वासमार्ग हा वेगळाच विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. इथली प्रत्येक कृती आधी मॅनिकिनवर आणि मग अनुभवी वरिष्ठ शेजारी उभे असताना करायची.

## १. उपकरणाआधी रुग्ण: तीन वेगळे प्रश्न

"एअरवे (श्वासमार्ग) अवघड आहे का?" हा प्रश्न फार मोघम आहे. त्याचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहा.

पहिला प्रश्न: मास्कने श्वास देता येईल का? दाढी, दात नसणं, लठ्ठपणा, घोरणं, वाढलेलं वय, मानेला पूर्वी दिलेलं रेडिएशन ही अडचणीची चिन्हं. हा प्रश्न पहिला, कारण मास्कने श्वास देता येत असेल तर बाकीच्या चुका सुधारायला वेळ मिळतो.

दुसरा प्रश्न: कॉर्ड्स दिसतील का? रुग्णाला बसवून, तोंड पूर्ण उघडून, जीभ बाहेर काढायला सांगून मॅलमपाटी वर्ग (घशाचा मागचा भाग किती दिसतो) बघा. "आ" म्हणायला लावू नका, टाळू वर उचलला जातो आणि वर्ग खोटाच चांगला येतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लक्ष द्या. मान पूर्ण मागे नेल्यावर हनुवटीपासून थायरॉइड कूर्चेपर्यंतचं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का? खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का? मान मागे जाते का?

एकट्या मॅलमपाटीवर विसंबू नका. एकेकटी घेतली तर यातली प्रत्येक चाचणी कच्ची आहे, तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मात्र गांभीर्याने घ्या. आणि सगळं ठीक दिसूनही अवघड निघणारे रुग्ण असतातच, म्हणून पुढची तयारी प्रत्येकासाठी करायची.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: दिसल्यावर ट्यूब तिथपर्यंत पोचेल का? तोंड कमी उघडत असेल तर ब्लेड आत गेल्यावर ट्यूबला जागा उरत नाही. घशातली गाठ, मोठे टॉन्सिल, सुजलेला घसा, अरुंद झालेली श्वासनलिका, मागे दाबलेली किंवा बाजूला सरकलेली श्वासनलिका या सगळ्यांत नजर पोचते आणि ट्यूब अडते.

पोटात अन्न आहे का आणि गरज पडल्यास मानेच्या पुढच्या बाजूने क्रिकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढचा पातळ पडदा, इथूनच मानेतून मार्ग करतात) बोटाला लागतो का, हेही याच वेळी बघून घ्या. जाड मानेत तो बोटाला लागेलच असं नाही. अल्ट्रासाउंड हाताशी असेल तर रुग्ण जागा असतानाच शोधून त्यावर पेनने खूण करा.

थांबा: मास्क, कॉर्ड्स आणि मानेतून मार्ग यांपैकी दोन ठिकाणी "अवघड" लिहिलं गेलं, किंवा एक अवघड आणि पोट भरलेलं, तर भूल देऊन मग बघू, असं करू नका. इथे जागेपणी इंट्यूबेशनचा विचार आधी करायचा (पायरी ९).

## २. कोणतं उपकरण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं

मॅकिंटॉश ब्लेड, थेट नजरेने. तोंड, घसा आणि स्वरयंत्र एका रेषेत आणून सरळ बघायचं. दिसलं की ट्यूब बहुधा त्याच रेषेतून जाते. हा या ब्लेडचा मोठा गुण आहे. कॅमेरा नसल्यामुळे रक्त, उलटी, वाफ यांनी पडदा झाकला जाण्याचा प्रश्न येत नाही. हे ब्लेड कमी पडतं ते जबडा लहान, मान ताठ किंवा जीभ मोठी असेल तेव्हा. बहुतेक प्रौढांना ३ नंबर पुरतो, उंच माणसाला ४.

सरळ ब्लेड, म्हणजे मिलर. याचं टोक एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या) खाली जाऊन त्याला थेट उचलतं. लांब, लोंबणारा एपिग्लॉटिस असेल तर कामाचं. हातात सराव नसेल तर अडचणीच्या क्षणी पहिल्यांदा हे उचलू नका.

मॅकिंटॉशसारख्या आकाराचं व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. तेच ब्लेड, टोकाजवळ कॅमेरा. तंत्र जुनंच, त्यामुळे शिकायला सोपं, आणि पडदा झाकला गेला तर डोळ्यांनी थेट बघता येतं. सहायकालाही आत काय चाललंय ते दिसतं, गळ्यावरून दाब कुठे द्यायचा हे त्याला सांगावं लागत नाही. रोजच्या कामासाठी पहिलं उपकरण म्हणून मी हेच सुचवते.

जास्त वाकडं ब्लेड. ग्लाइडस्कोपचं मूळ ब्लेड किंवा सी-मॅकचं डी-ब्लेड या जातीचं. कॅमेरा कोपऱ्यावरून वळून बघतो, म्हणून मान न हलवता आणि जोर न लावता कॉर्ड्स दिसतात. पण नजर वळली तरी ट्यूब आपोआप वळत नाही. योग्य बाकाचा कडक स्टायलेट नसेल तर हे उपकरण अर्धंच आहे.

खाच असलेलं उपकरण, उदाहरणार्थ एअरट्रॅक. ट्यूब बाजूच्या खाचेत बसवलेली असते आणि ठरलेल्या दिशेनेच बाहेर येते, त्यामुळे स्टायलेट लागत नाही. ट्यूब चुकीच्या दिशेला जात असेल तर ट्यूबशी झगडू नका, सगळं उपकरण किंचित मागे घ्या, वर उचला आणि मग ट्यूब सरकवा. उपकरणाची जाडी जास्त असते, म्हणून कमी उघडणाऱ्या तोंडात आधी बाहेरून मापून बघा.

बुजी. साधारण ६० सेंटिमीटर लांब, टोकाला वाकवलेली, ट्यूबपेक्षा बारीक दांडी. एपिग्लॉटिस दिसतो पण कॉर्ड्स दिसत नाहीत अशा वेळी इतकं उपयोगी दुसरं काही नाही. ती प्रत्येक ट्रॉलीवर, पाकिटातून काढायला तयार असायलाच हवी.

वाकणारा स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी. तोंड जवळजवळ उघडत नाही, मान हलवता येत नाही, घशात गाठ आहे, अशा ठिकाणी नाकातून किंवा तोंडातून. शांत, कोरड्या घशात उत्तम. रक्त भरलेल्या घशात, घाईत आणि नवख्या हातात फार वाईट.

स्वरयंत्रावर बसणारी उपकरणं, म्हणजे एलएमए, आय-जेल वगैरे. ही ट्यूबची जागा घेत नाहीत, फुप्फुसांना उलटीपासून पूर्ण संरक्षण देत नाहीत. पण ट्यूब जात नसताना ऑक्सिजन देण्याचा मार्ग उघडा ठेवतात. बचावासाठी दुसऱ्या पिढीचं, म्हणजे पोटातलं बाहेर काढायला वेगळी नळी असलेलं घ्या. आय-जेलचा ३ नंबर ३० ते ६० किलो, ४ नंबर ५० ते ९० किलो आणि ५ नंबर ९० किलोच्या वर.

व्हिडिओ घ्यावं की थेट नजरेने बघावं, या वादावर आता पुरेसा पुरावा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २२२ अभ्यास एकत्र बघितले गेले आणि प्रौढांमध्ये व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने फसलेल्या इंट्यूबेशनचं प्रमाण कमी झालं, दृश्य सुधारलं. तरीही थेट नजरेचा सराव सोडू नका, बॅटरी संपते आणि कॅमेऱ्यावर रक्त येतं.

## ३. ट्रॉली: भूल देण्याआधी हाताशी काय हवं

"लागलं तर मागवू" ही या कामातली सर्वांत महाग सवय. पहिली आणि दुसरी योजना दोन्ही मांडलेल्या हव्यात, पाकिटं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत हवं.

- चालू केलेलं, नळीसह उशीखाली ठेवलेलं जाड टोकाचं सक्शन.
- दोन लॅरिंगोस्कोप, दोन्हींचा दिवा तपासलेला. व्हिडिओचा पडदा चालू, बॅटरी भरलेली.
- ट्यूब: स्त्रियांना साधारण ७.० ते ७.५, पुरुषांना ७.५ ते ८.०, आणि अर्ध्या मापाने लहान एक जास्तीची. कफ (ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा) फुगवून बघून पूर्ण रिकामा केलेला.
- ट्यूबला शोभणारा स्टायलेट, बुजी, तोंडातली आणि नाकातली एअरवे नळी, योग्य मापाचे दोन मास्क.
- त्या रुग्णाच्या वजनाचा आय-जेल किंवा तत्सम उपकरण.
- कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेच्या रूपात दाखवणारं यंत्र) जोडलेला. स्वतःच्या तोंडाने एक फुंकर मारून लाट येते का बघा.
- १० नंबरचं ब्लेड लावलेलं स्कालपेल, बुजी आणि ६.० ची कफवाली ट्यूब, एकत्र ठेवलेली.

स्टायलेटचा बाक उपकरणाप्रमाणे बदलतो आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. थेट नजरेने बघणार असाल तर कफपर्यंत सरळ आणि तिथून पुढे साधारण ३५ अंश, त्याहून जास्त नको. जास्त वाकड्या ब्लेडसाठी ब्लेडच्या वळणाशी जुळणारा, साधारण ६० ते ७० अंशांचा. त्या कंपनीचा कडक स्टायलेट मिळत असेल तर तोच घ्या. दोन्हींत स्टायलेटला जेल लावा आणि त्याचं टोक ट्यूबच्या टोकाच्या एक सेंटिमीटर आतच थांबवा. बाहेर डोकावणारा स्टायलेट श्वासनलिका फाडू शकतो.

कॅमेऱ्यावर वाफ धरू नये म्हणून ब्लेड एखादा मिनिट आधी चालू करून ठेवा. गरम होणारी काच असते ती त्या वेळात तापते. नसेल तर वाफविरोधी द्रव लावा.

तपासा: सहायकाला विचारा, "कॉर्ड्स दिसल्या नाहीत तर मी काय मागणार?" त्याला उत्तर आलं पाहिजे. येत नसेल तर योजना फक्त तुमच्या डोक्यात आहे.

## ४. रुग्णाची मांडणी आणि ऑक्सिजन

कोणत्याही उपकरणाचा पहिला प्रयत्न इथेच जिंकला किंवा हरला जातो.

डोक्याखाली उशी, मान पुढे झुकलेली, डोकं मागे. लठ्ठ रुग्णात एक उशी पुरत नाही. खांद्यांपासून डोक्यापर्यंत चादरींचा उतार करा. बाजूला उभं राहून बघा: कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाच्या वरची खाच एका आडव्या रेषेत आली पाहिजेत, चेहरा छताला समांतर. टेबल डोक्याकडून २० ते ३० अंश वर.

मानेला इजा असल्याची शंका असेल तर हे सगळं लागू नाही. तिथे सहायकाने दोन्ही हातांनी डोकं सरळ रेषेत धरायचं, कॉलरचा पुढचा भाग काढायचा आणि बहुधा व्हिडिओ घ्यायचा.

ऑक्सिजन १० लिटर किंवा जास्त, मास्क घट्ट. तीन मिनिटं नेहमीचा श्वास, घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास. घड्याळाकडे बघून थांबू नका, मॉनिटरकडे बघा: बाहेर येणाऱ्या श्वासातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या आसपास आला की फुप्फुसातला नायट्रोजन निघून गेला. सॅच्युरेशन १०० दिसणं हा त्याचा पुरावा नव्हे, ते एका मिनिटातही दिसतं.

मास्क गळत असेल तर सगळी मेहनत वाया. बॅग श्वासाबरोबर हलते का, कॅप्नोग्राफची लाट नीट येते का? दोन्ही नसेल तर दोन हातांनी मास्क धरा.

निरोगी प्रौढाला चांगला ऑक्सिजन दिल्यावर श्वास थांबल्यापासून सॅच्युरेशन ९० पर्यंत यायला साधारण आठ मिनिटं लागतात. खूप लठ्ठ रुग्णात तीन मिनिटंही मिळत नाहीत. अशा वेळी नाकात ऑक्सिजनची नळी ठेवून प्रयत्नांदरम्यानही १५ लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू ठेवा.

स्नायू शिथिल होईपर्यंत थांबा. रोक्युरोनियम ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो दिलं असेल तर दीड ते दोन मिनिटं. १.२ दिलं असेल तर साधारण एक मिनिट. चाळिसाव्या सेकंदाला तोंड उघडून "दिसत नाही" म्हणणारे मी फार बघितले आहेत. अर्धवट शिथिल रुग्ण खोकतो, कॉर्ड्स मिटतो आणि एक प्रयत्न हकनाक जातो.

## ५. मॅकिंटॉश ब्लेड: प्रयत्नाचा क्रम

1. उजव्या हाताच्या बोटांनी तोंड पूर्ण उघडा.
2. ब्लेड तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत, जीभ डावीकडे सारत मध्यरेषेला या. जीभ उजवीकडे घसरली तर पुढचं काही दिसणार नाही. पुन्हा सुरुवात करा.
3. हळूहळू पुढे जात एपिग्लॉटिस शोधा. तो दिसेपर्यंत उचलू नका. ब्लेड एकदम खोल घातलं की टोक अन्ननलिकेत जातं आणि सगळंच अनोळखी दिसतं.
4. टोक एपिग्लॉटिसच्या मुळाशी, व्हॅलेक्युलात, मध्यरेषेत बसवा. इथे नीट दाबलं की एपिग्लॉटिस आपोआप वर येतो.
5. हँडलच्या दिशेने, पुढे आणि वर उचला. मनगट मागे वळवून वरच्या दातांवर टेकू घेतला की दात तुटतात आणि दृश्यही बिघडतं.
6. कॉर्ड्स दिसत नाहीत? डावा हात तसाच ठेवून उजव्या हाताने बाहेरून स्वरयंत्र मागे, वर आणि थोडं उजवीकडे ढकलून बघा. जिथे चांगलं दिसेल तिथे सहायकाचा हात धरून ठेवा.
7. ट्यूब उजव्या कोपऱ्यातून, नजरेच्या रेषेला आडवी न येता.

तपासा: कॉर्माक-लेहान वर्ग मोठ्याने सांगा. कॉर्ड्स पूर्ण दिसल्या तर पहिला, मागचा भागच दिसला तर दुसरा, फक्त एपिग्लॉटिस दिसला तर तिसरा, तोही नाही तर चौथा. दुसऱ्या वर्गाच्या वाईट बाजूला आणि तिसऱ्यात लगेच बुजी मागा, ट्यूबने अंधारात चाचपडू नका. चौथ्यात बुजीदेखील अंदाजानेच जाते, तिथे उपकरण बदला.

## ६. जास्त वाकडं ब्लेड: इथे सवय मोडावी लागते

या भागासाठीच मुख्यतः हा लेख लिहिला आहे.

1. तोंडाकडे बघा. ब्लेड मध्यरेषेतून आत घाला. जीभ डावीकडे सारायची नाही, ब्लेड तिच्यावरून वळत खाली जातं.
2. पडद्याकडे बघा. एपिग्लॉटिस दिसला की थोडं पुढे, हलकं उचला. मॅकिंटॉशइतका जोर लागत नाही.
3. पुन्हा तोंडाकडे बघा. ट्यूब तोंडाच्या उजव्या बाजूने, ब्लेडला लागून, जवळजवळ आडवी धरून आत न्या. तिचं टोक जिभेच्या मागे जाईपर्यंत नजर तोंडातच हवी.
4. आता पुन्हा पडदा. टोक चित्रात आलं की ते कॉर्ड्सकडे वळवा.

तिसरी पायरी गाळली जाते, कारण पडद्यावरचं चित्र नजर धरून ठेवतं. ट्यूब तोंडात शिरल्यापासून कॅमेऱ्यासमोर येईपर्यंतचा टप्पा पडद्यावर दिसतच नाही आणि त्याच आंधळ्या टप्प्यात कडक स्टायलेटची ट्यूब मऊ टाळूतून किंवा टॉन्सिलच्या कमानीतून आरपार जाते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका रुग्णाची उजवी कमान अशीच फाडली. ट्यूब उत्तम बसली होती, लाट सुरेख होती, आणि रक्त दिसलं ते ऑपरेशन संपताना सक्शन करताना. तो टाका घालणाऱ्या सर्जनशेजारी उभी असताना मला जे वाटलं, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून "तोंड, पडदा, तोंड, पडदा" हे चार शब्द मी प्रत्येक रेसिडेंटकडून मोठ्याने म्हणवून घेते.

आता मूळ तक्रार: दिसतंय, जात नाही. कारण बहुधा हे असतं की दृश्य गरजेपेक्षा जास्त चांगलं आहे. कॉर्ड्स पडदाभर मोठ्या दिसाव्यात म्हणून ब्लेड खूप जवळ नेलं जातं आणि जोरात उचललं जातं. त्याने स्वरयंत्र पुढे, वर ओढलं जातं, ट्यूबला वळायचा कोन आणखी तीव्र होतो आणि ट्यूब दिसायला जागाही उरत नाही.

म्हणून ब्लेड एक-दोन सेंटिमीटर मागे घ्या, उचलणं सैल करा. कॉर्ड्स पडद्याच्या वरच्या अर्ध्यात, निम्म्याच दिसतील, तेवढ्याच हव्यात. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण एकदा करून बघितलं की पटतं.

टोक कॉर्ड्सच्या तोंडाशी आलं आणि आत सरकत नसेल तर ते श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर टेकलं आहे. ढकलू नका. सहायकाला स्टायलेट दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढायला सांगा आणि तो निघत असताना ट्यूब पुढे सरकवा. तरी अडली तर ट्यूब उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश फिरवा, टोक मागच्या बाजूला वळतं आणि खाली उतरतं.

साधी बुजी या ब्लेडबरोबर फारशी साथ देत नाही, तिला एवढा बाक टिकवता येत नाही.

थांबा: कडक स्टायलेट कॉर्ड्सच्या खाली कधीही जाता कामा नये. टोक आत दिसलं की आधी तो मागे.

## ७. बुजीवरून ट्यूब

बुजीचं वाकडं टोक वर ठेवून एपिग्लॉटिसच्या मागून, मध्यरेषेत सरकवा. श्वासनलिकेत असेल तर कूर्चेच्या कड्यांवरून जाताना हाताला खडखड जाणवू शकते. जाणवली नाही म्हणून ती बाहेरच आहे असं समजू नका, पण सावध राहा. अडेपर्यंत खोल ढकलण्याची जुनी सवय सोडा, त्याने फुप्फुसाला इजा होऊ शकते.

ट्यूब सरकवताना लॅरिंगोस्कोप काढू नका. ही फार नेहमीची चूक आहे: बुजी गेली, आनंद झाला, ब्लेड बाहेर. जीभ पुन्हा खाली पडते आणि ट्यूब अडते. ब्लेड तसंच ठेवा, सहायकाला बुजीचं मागचं टोक धरू द्या. ट्यूब कॉर्ड्सपाशी अडली तर किंचित मागे घेऊन डावीकडे, घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवा. टोक उजव्या ॲरिटेनॉइडवर (कॉर्ड्सच्या मागच्या कूर्चेवर) अडकलेलं असतं, ते सुटतं. स्कोपवरून ट्यूब सरकवतानाही हीच युक्ती चालते.

फिरवण्याची दिशा लक्षात ठेवायची असेल तर एवढं पुरे: पुढच्या भिंतीवर अडली तर उजवीकडे, बुजीवर किंवा स्कोपवर अडली तर डावीकडे.

## ८. ट्यूब कुठे आहे

कॅप्नोग्राफ बघा. छाती हलते, ट्यूबमध्ये वाफ दिसते, छातीवर आवाज ऐकू येतो, ही तिन्ही चिन्हं ट्यूब अन्ननलिकेत असतानाही फसवू शकतात. किमान सात श्वासांपर्यंत टिकणारी कार्बन डायऑक्साइडची लाट हवी. पोटात मास्कने हवा गेली असेल तर पहिले एक-दोन श्वास लाट येते आणि मग विरते.

लाट सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असं धरा आणि काढा. "मला कॉर्ड्समधून जाताना दिसली होती" हा युक्तिवाद त्या क्षणी करू नका. "दम्याचा झटका असेल", "मशीन बिघडलं असेल" हेही नंतर. हृदय थांबलेलं असतानाही छातीवर दाब चालू असेल तर छोटी का होईना, लाट येते.

लाट पक्की झाली की खोली: दातांपाशी स्त्रियांत साधारण २१, पुरुषांत २३ सेंटिमीटर. बुटक्या व्यक्तीत कमी. दोन्ही बगलांत ऐका. कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, बोटांनी चाचपून नाही, मापकाने.

## ९. अडलं तर, आणि आधीच अडणार हे माहीत असेल तर

ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शनात लॅरिंगोस्कोपीचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न आणि अधिक अनुभवी व्यक्तीचा एक, एवढीच मुभा दिली होती. मी रेसिडेंटना सांगते, दुसऱ्यानंतरच माणूस बोलवा. प्रत्येक प्रयत्नाआधी काहीतरी बदललं पाहिजे: मांडणी, ब्लेड, बुजी, स्नायू शिथिल करणारं औषध, किंवा हात. काय बदललं ते मोठ्याने सांगता येत नसेल तर तो नवा प्रयत्न नाही, जुन्याचीच पुनरावृत्ती आहे. प्रत्येक खेपेला सूज आणि रक्त वाढतं, आणि सुरुवातीला सहज देता येणारा मास्क नंतर देता येत नाही.

तीन झाले, की "इंट्यूबेशन जमलेलं नाही" हे शब्द स्पष्ट उच्चारा आणि आय-जेल किंवा तत्सम उपकरण घाला. ऑक्सिजन पोचला की थांबून विचार करा. रुग्णाला जागं करणं हा तिथला बहुधा सर्वांत सुरक्षित पर्याय असतो. त्यातून ट्यूब टाकायचीच असेल तर वाकणारा स्कोप आत घालून, बघत टाका. आंधळेपणाने नाही.

आय-जेलसारखं उपकरणही बसलं नाही तर पूर्ण शिथिल रुग्णात दोघांनी मिळून मास्क. तोही चालत नसेल तर मानेतून मार्ग: स्कालपेल, बुजी, ६.० ची ट्यूब. सॅच्युरेशन कोसळायची वाट बघत बसू नका.

पहिल्याच पायरीवर "थांबा" आलं असेल तर जागेपणी. रुग्णाला नीट समजावणं हीच निम्मी भूल आहे. घसा बधिर करायला लिग्नोकेन, एकूण ९ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत, आणि तेही चरबी वगळलेल्या वजनावर. नाकातून ऑक्सिजन सतत चालू. गुंगी हलकी, श्वास थांबेल इतकी कधीच नाही. घाई केली की घसा बधिर व्हायच्या आत स्कोप जातो, रुग्ण खोकतो, घाबरतो आणि मग गुंगी वाढवली जाते. तिथून गाडी घसरते. बधिर व्हायला हवा तेवढा वेळ द्या. ट्यूब बसली, लाट दिसली, मगच भूल.

## १०. केसपेपरवर काय लिहायचं

"इंट्यूबेशन अवघड" एवढंच लिहिलं तर पुढच्या भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. उदाहरणार्थ:

"मास्क: एअरवे घालून सोपा. पहिला प्रयत्न मॅकिंटॉश ३, वर्ग ३, बाहेरून दाब देऊनही बदल नाही. दुसरा प्रयत्न जास्त वाकडं ब्लेड, वर्ग १, ट्यूब पुढच्या भिंतीवर अडली. ब्लेड मागे घेऊन, स्टायलेट ओढून, उजवीकडे फिरवून ७.० ची ट्यूब गेली. सॅच्युरेशन किमान ९४. रुग्णाला आणि नातेवाइकांना सांगितलं, पत्र दिलं."

पत्र रुग्णाच्या हातात द्या, शुद्धीवर पूर्ण आल्यावर. रिकव्हरीत दिलेलं तो विसरतो. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन घसा बघा, आवाज ऐका, गिळताना दुखतं का, तापाबरोबर छातीत किंवा मानेत दुखतं का हे विचारा, आणि तेही त्याच कागदावर लिहा.